फादरांची बदली

पन्नासच्या दशकातलं न्यूझीलंड म्हणजे जेमतेम वीस लाख वस्तीचा देश. 1938 च्या सामाजिक सुरक्षा कायद्यानं म्हातारपणाचं निवृत्तिवेतन, आजारपणातला औषधोपचार यांचा भार सरकारनं उचललेला होता, आणि जगभर त्याचं कौतुक होत होतं. पण आईबाप गेलेलं मूल, लग्नाआधी आई झालेली मुलगी, शाळेत मागे पडणारा किंवा बौद्धिक अपंगत्व असलेला मुलगा, यांचं काय करायचं हा प्रश्न आला की सरकारची नजर चर्चकडे वळायची. तिथे सगळी व्यवस्था तयार होती. कॅथलिक सिस्टरांची अनाथालयं होती, अँग्लिकन वसतिगृहं होती, प्रेस्बिटेरियन बालगृहं होती, आणि गावोगावी साल्व्हेशन आर्मीचे आश्रम होते. मूल तिथे पोचवायचं, माणशी अनुदान द्यायचं, आणि कधीतरी एखाद्या अधिकाऱ्यानं जाऊन खोल्या स्वच्छ आहेत ना ते पाहून यायचं. मुलांशी एकांतात बोलावं असं क्वचितच कुणाला सुचलं.

एकदा मूल चर्चच्या ताब्यात गेलं की ते चांगल्या हाती पडलं, ही समजूत सरकारची होती तशीच आईबापांचीही होती. भाविक घरात फादरांनी पायरी चढणं हा सन्मान होता. सामोआ, टोंगा या बेटांवरून ऑकलंडच्या कारखान्यांत कामाला आलेल्या कुटुंबांत तर पाद्री म्हणजे देवाचा माणूस. त्याच्याविरुद्ध मुलानं काही बोलणं म्हणजे सगळ्या घराण्याची मान खाली घालणं. माओरी मुलांची गत आणखी वाईट होती. संस्थांमध्ये त्यांची संख्या लोकसंख्येतल्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त होती, आणि घराबरोबर त्यांची भाषा आणि नात्यागोत्याचा गोतावळाही सुटत होता. तक्रार करायची तर कुणापाशी? ज्याच्याविरुद्ध करायची तोच पालक, तोच शिक्षक, आणि रविवारी पापाची कबुली ऐकून घेणाराही तोच.

या सगळ्याचं सर्वांत काळं रूप पाहायचं तर क्राइस्टचर्चला जावं लागतं.

1955 साली ‘ब्रदर्स ऑफ सेंट जॉन ऑफ गॉड’ या कॅथलिक व्रतस्थ संघानं तिथे मेरीलँड्स नावाची निवासी शाळा सुरू केली. हा संघ ऑस्ट्रेलियातून आलेला होता. रुग्णसेवेचा वारसा सांगणारा हा संघ, पण मेरीलँड्समध्ये त्याच्याकडे सोपवलेलं काम वेगळं होतं. शिकण्यात अडचण असलेल्या मुलग्यांना त्यांनी सांभाळायचं आणि शिकवायचं होतं. या कामाचं नीट प्रशिक्षण त्यांच्यातल्या बहुतेकांकडे नव्हतं. देशाच्या कानाकोपऱ्यातून मुलं येत गेली. काहींना आईबापांनी आणून सोडलं, काहींना सरकारी खात्यानं पाठवलं. रात्री ओळीनं लावलेल्या खाटा, आणि त्या खोलीवर देखरेखीला एकच ब्रदर. घर शेकडो मैलांवर. अनेक मुलांना आपल्यावर काय गुदरलं ते सांगायला शब्दही नव्हते, आणि ज्यांनी सांगायचा प्रयत्न केला त्यांचं म्हणणं ‘याला काय कळतंय’ म्हणून बाजूला सारलं गेलं. मुलाचं अपंगत्व हेच अत्याचार करणाऱ्याचं संरक्षण ठरलं.

1955 ते 1984 या काळात मेरीलँड्समध्ये 537 मुलं शिकली. त्यांतल्या किमान 118 जणांनी, म्हणजे दर पाचांतल्या एकाहून अधिकांनी, पुढे कधी ना कधी अत्याचाराची तक्रार नोंदवली. ही फक्त तक्रार करू शकलेल्यांची संख्या आहे. तिथे काम केलेल्या ब्रदरांपैकी निम्म्याहून अधिक जणांवर आरोप झाले. एखादा नासका माणूस कुठल्याही संस्थेत शिरू शकतो, असं नेहमी सांगितलं जातं. मेरीलँड्सच्या बाबतीत हे स्पष्टीकरण टिकत नाही.

बर्नार्ड मॅक्ग्रा या ब्रदरची वाटचाल नीट पाहिली की ही यंत्रणा कशी चालत होती ते उघड होतं. 1974 मध्ये तो मेरीलँड्सला आला आणि मुलांच्या झोपण्याच्या खोल्या त्याच्या देखरेखीखाली आल्या. 1977 मध्ये मुलांच्या तक्रारी वरिष्ठांपर्यंत पोचल्या. वरिष्ठांनी पोलिसांना कळवलं नाही, मुलांच्या घरीही कळवलं नाही. त्यांनी मॅक्ग्राची बदली केली, ती ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समधल्या केंडल ग्रेंज या शाळेत. तीही याच संघाची, तशाच मुलांसाठी चालवलेली निवासी शाळा. तिथेही तेच घडलं. 1986 मध्ये तो क्राइस्टचर्चला परतला, आणि या वेळी त्याच्या हाती रस्त्यावर राहणाऱ्या पोरांसाठी काढलेली हेब्रॉन ट्रस्ट ही संस्था होती. घरदार नसलेली, पोलिसांना बिचकणारी किशोरवयीन मुलंमुली आता त्याच्या दारात येऊ लागली.

न्यायालयानं त्याला पहिल्यांदा दोषी ठरवलं ते 1993 मध्ये, म्हणजे पहिली तक्रार वरिष्ठांच्या कानावर गेल्यानंतर सोळा वर्षांनी. 2006 मध्ये न्यूझीलंडमध्येच त्याला पुन्हा शिक्षा झाली. नंतर ऑस्ट्रेलियन पोलीस त्याच्या मागावर लागले तेव्हा तो श्रीलंकेत होता. तो न्यूझीलंडला परतल्यावर 2014 मध्ये तिथून त्याला ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात देण्यात आलं, आणि 2018 मध्ये केंडल ग्रेंजमधल्या अत्याचारांबद्दल सिडनीच्या न्यायालयानं त्याला 33 वर्षांची कैद सुनावली. 1977 मध्ये एका वरिष्ठानं पोलीस ठाण्यात जायचं ठरवलं असतं, तर यातली किती मुलं वाचली असती, हा विचार ही कागदपत्रं वाचताना पाठ सोडत नाही.

ही गोष्ट एका संघापुरती किंवा एका शहरापुरती नव्हती. दक्षिणेकडच्या डनेडिनमध्ये मॅग्नस मरी हा धर्मगुरू लोकप्रिय होता. घरोघरी त्याचं जाणंयेणं होतं, मुलांना तो सहलींना नेत असे. 1972 मध्ये काही पालक बिशप जॉन कॅव्हाना यांच्याकडे गेले आणि मुलांनी सांगितलेलं त्यांच्यासमोर ठेवलं. बिशपांनी मरीला उपचारासाठी सिडनीला पाठवलं. काही वर्षांनी तो न्यूझीलंडला परतला आणि उत्तर बेटावरच्या धर्मग्रामांत त्याला पुन्हा काम मिळालं. तिथल्या पालकांना त्याचा पूर्वेतिहास कुणी सांगितला नाही. डनेडिनमधल्या चार मुलांवर 1958 ते 1972 या काळात केलेल्या अत्याचारांबद्दल तो 2003 मध्ये तुरुंगात गेला, तेव्हा ती मुलं प्रौढ झालेली होती.

साल्व्हेशन आर्मीतही हेच. दक्षिण बेटावरच्या टेमुका या छोट्या गावातल्या त्यांच्या बालगृहात 1970 च्या दशकात अधिकारी असलेला जॉन गेन्सफोर्ड 2006 मध्ये दोषी ठरला. तिथल्या मुलांनी तीस वर्षं ते मनात वागवलं होतं. ऑकलंडच्या डिलवर्थ शाळेत तर चित्र आणखी बोचरं होतं. जेम्स डिलवर्थ नावाच्या आयरिश वंशाच्या शेतकऱ्यानं आपली बहुतेक मालमत्ता हलाखीतल्या कुटुंबांच्या मुलग्यांसाठी मृत्युपत्रात ठेवली, आणि त्यातून 1906 मध्ये ही अँग्लिकन परंपरेची मोफत निवासी शाळा उभी राहिली. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं, सगळं फुकट. विधवा आईसाठी ही जागा म्हणजे मुलाच्या आयुष्याचं सोनं. त्यामुळेच तिथला मुलगा तक्रार करायला धजत नव्हता. जागा गेली तर आईच्या कष्टांवर पाणी पडणार, हे आठ-नऊ वर्षांच्या पोरालाही कळत होतं. 1970 च्या दशकात एका चॅप्लिनविरुद्ध, म्हणजे शाळेच्या पाद्र्याविरुद्ध, मुलं बोललीच, तेव्हा त्याला शांतपणे निघून जाऊ दिलं गेलं. त्यानंतर 1980 मध्ये आलेला चॅप्लिन रॉस ब्राउन 2006 पर्यंत त्या जागेवर होता. तोही पुढे गुन्हेगार ठरला आणि 2021 मध्ये त्याला साडेसहा वर्षांची शिक्षा झाली.

इतकी वर्षं हे बाहेर का आलं नाही? अमेरिकेत 2002 मध्ये बॉस्टनच्या धर्मप्रांतातली प्रकरणं वर्तमानपत्रानं उघड केली, आणि न्यायालयीन दाव्यांतून चर्चच्या कपाटातले कागद बाहेर पडले. न्यूझीलंडमध्ये तसं होणं जवळजवळ अशक्य होतं, आणि त्याचं कारण एका चांगल्या हेतूनं केलेल्या कायद्यात आहे. 1 एप्रिल 1974 पासून तिथे अपघात भरपाईची राष्ट्रीय योजना लागू झाली. कुठल्याही माणसाला शारीरिक इजा झाली तर चूक कुणाची हे न बघता सरकारी निधीतून उपचार आणि मदत मिळेल, आणि त्या बदल्यात इजेच्या भरपाईसाठी कुणालाही न्यायालयात खेचता येणार नाही, असा तो सौदा होता. कारखान्यात बोट तुटलेल्या कामगारासाठी हे वरदान होतं. लैंगिक अत्याचार सोसलेल्यांसाठी मात्र त्याचा अर्थ असा झाला की ज्या संस्थेनं गुन्हेगाराला पाठीशी घातलं तिच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावण्याची वाटच जवळपास बंद. दावा नाही म्हणजे संस्थेला कागद दाखवायची सक्ती नाही, वरिष्ठांची उलटतपासणी नाही, आणि विमा कंपनीचा दबावही नाही. राहता राहिला फौजदारी गुन्हा, पण त्यात एकट्या आरोपीवर खटला चालतो. त्याची बदली करणारा साक्षीदाराच्या पिंजऱ्यातही येत नाही.

मग पीडितांसाठी उरली एकच वाट. ज्या चर्चनं आपलं बालपण उद्ध्वस्त केलं त्याच चर्चच्या दारात जाऊन न्याय मागायचा.

1990 च्या दशकात चर्चनी तक्रारींसाठी कार्यपद्धती तयार केल्या. कॅथलिक चर्चची ‘ए पाथ टू हीलिंग’ ही त्यातलीच. पुढे त्यांनी त्यासाठी राष्ट्रीय कार्यालयही थाटलं. पूर्वी काहीच नव्हतं, त्या मानानं हे पाऊल पुढचं होतं हे मान्य करायला हवं. पण तक्रारीची चौकशी कशी व्हावी, ती सिद्ध झाली असं कधी मानावं, किती पैसे द्यावेत, माफी कुणी मागावी, हे ठरवणारे शेवटी चर्चचेच लोक होते. पैसे दिले तरी ते ‘सद्भावनेपोटी’, जबाबदारी मान्य न करता. कुणाला दहा हजार डॉलर मिळाले, कुणाला त्याच्या कितीतरी पट, आणि हा फरक का पडला ते कुणालाच नीट सांगता येत नसे. अँग्लिकन चर्चमध्ये तर प्रत्येक धर्मप्रांताचा कारभार वेगळा. तिथे पाद्र्याकडून छळ झालेल्या स्त्रियांचाही प्रश्न होता. दुःखात असताना आध्यात्मिक आधारासाठी पाद्र्याकडे गेलेली प्रौढ बाई, आणि त्या आधाराचाच त्यानं घेतलेला गैरफायदा. ती तक्रार घेऊन गेली की ‘दोन प्रौढांमधला मामला’ म्हणून तिची बोळवण व्हायची. चर्चमधली सत्ता कुणाकडे आहे आणि मदतीसाठी कोण आलं आहे, याचा हिशेबच कुणी मांडत नव्हतं.

बदल आला तो ऑस्ट्रेलियाकडून आणि पीडितांच्या चिकाटीतून. ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशननं, म्हणजे सरकारनं नेमलेल्या चौकशी आयोगानं, 2013 ते 2017 अशी पाच वर्षं संस्थांमधल्या बाललैंगिक अत्याचारांची चौकशी केली. त्यात एक आकडा होता जो क्राइस्टचर्चच्या लोकांना आतपर्यंत झोंबला. 1950 ते 2010 या काळातल्या सेंट जॉन ऑफ गॉड संघाच्या ब्रदरांपैकी 40 टक्क्यांहून अधिक जणांवर आरोप होते, आणि हेच ब्रदर दोन्ही देशांमधला टास्मान समुद्र ओलांडून ये-जा करत होते. मेरीलँड्सचे माजी विद्यार्थी, त्यांना साथ देणाऱ्या संघटना, पत्रकार आणि वकील यांनी न्यूझीलंडमध्येही तशीच चौकशी हवी असा धोशा लावला.

सत्तेवर आल्यापासून शंभर दिवसांच्या आत हे करू, असं आश्वासन जसिंडा आर्डर्न यांच्या पक्षानं दिलं होतं. 1 फेब्रुवारी 2018 रोजी पंतप्रधान आर्डर्न यांनी रॉयल कमिशनची घोषणा केली. अध्यक्ष म्हणून त्यांनी निवडलेले सर आनंद सत्यानंद हे माजी न्यायाधीश आणि माजी गव्हर्नर-जनरल. फिजीतल्या भारतीय कुटुंबातून आलेले ते न्यूझीलंडचे पहिले भारतीय वंशाचे गव्हर्नर-जनरल होते. पण या चौकशीच्या कक्षेत फक्त सरकारी संस्था होत्या. चर्च त्यातून वगळलेलं होतं.

मेरीलँड्सचे लोक हादरले. ‘आम्हाला सरकारनंच तिथे पाठवलं होतं, मग आम्ही कुठल्या रकान्यात बसतो?’ हा त्यांचा प्रश्न रास्त होता. विशेष म्हणजे चर्चच्या नेत्यांनीही कक्षा वाढवण्याची मागणी केली. कॅथलिक बिशप आणि व्रतस्थ संघांच्या प्रमुखांनी तसं सरकारला लेखी कळवलं, आणि अँग्लिकन आर्चबिशपांनीही तेच म्हटलं. त्यामागे खरोखरीचा पश्चात्ताप किती आणि न टळणाऱ्या गोष्टीला सामोरं जाण्याचा शहाणपणा किती, याची वजाबाकी मला करायची नाही. परिणाम महत्त्वाचा. 12 नोव्हेंबर 2018 रोजी सरकारनं कक्षा वाढवली आणि श्रद्धेवर चालणाऱ्या संस्था तिच्यात आल्या. ‘जोखमीच्या स्थितीतले प्रौढ’ हेही शब्द त्यात होते, त्यामुळे अपंग आणि मानसिक आजार असलेल्या प्रौढांचीही दखल घेतली गेली. पुढच्या वर्षी सत्यानंद पायउतार झाले आणि न्यायाधीश कोरल शॉ यांनी सूत्रं हाती घेतली.

त्याच दरम्यान डनेडिनच्या ‘ओटागो डेली टाइम्स’नं 2018 पासून मरी प्रकरण आणि त्या धर्मप्रांतातली इतर जुनी प्रकरणं खणून काढायला सुरुवात केली. रोज सकाळी दारात पडणाऱ्या वर्तमानपत्रात गावातल्याच शाळांची, गावातल्याच माणसांची नावं येऊ लागली. बिशप कॅव्हाना यांच्या नावाची एक कॅथलिक शाळा डनेडिनमध्ये दिमाखात उभी होती. मरीच्या बाबतीत कॅव्हाना यांनी काय केलं याची स्वतंत्र चौकशी झाली, आणि त्यानंतर आताचे बिशप मायकल डूली यांनी शाळेचं नाव बदलायचा निर्णय घेतला. 2023 पासून ती ‘ट्रिनिटी कॅथलिक कॉलेज’ या नावानं ओळखली जाते. काही माजी विद्यार्थ्यांना हे जिव्हारी लागलं. मला तो निर्णय योग्य वाटतो. ज्या माणसानं मुलांपेक्षा धर्मगुरूला जपलं, त्याच्या नावाचा गणवेश रोज मुलांच्या अंगावर चढवणं हा त्या मुलांचा अपमानच होता.

चर्चसंबंधीच्या सुनावण्या 2020 च्या अखेरीस ऑकलंडमध्ये सुरू झाल्या. सुरुवातीला पीडित बोलले. साठीतली, सत्तरीतली माणसं शेजारी आधाराला कुणालातरी बसवून लिहून आणलेली जबानी वाचत होती. काहींचा आवाज मध्येच तुटायचा, मग न्यायाधीश शॉ थांबायला सांगायच्या, पाणी यायचं, आणि वाचन पुन्हा सुरू व्हायचं. ज्यांना नाव सांगायचं नव्हतं त्यांना टोपणनाव घेण्याची मुभा होती. हे सगळं इंटरनेटवर थेट दाखवलं जात होतं. चाळीस-पन्नास वर्षं ज्यांचं कुणी ऐकलं नव्हतं त्यांचं आता अख्खा देश ऐकत होता. मार्च 2021 मध्ये चर्चच्या प्रतिनिधींची पाळी आली. 26 मार्चला वेलिंग्टनचे कार्डिनल जॉन ड्यू यांनी कॅथलिक चर्चच्या वतीनं आयोगासमोर माफी मागितली.

आयोगाच्या मागणीवरून कॅथलिक चर्चनं आपले कागद धुंडाळले आणि फेब्रुवारी 2022 मध्ये आकडे प्रसिद्ध केले. 1950 पासून 1,122 व्यक्तींनी 1,680 तक्रारी केलेल्या होत्या. धर्मप्रांतांच्या सेवेतल्या धर्मगुरूंपैकी 14 टक्क्यांवर आरोप होते. म्हणजे दर सातांतला एक. ही आकडेवारी चर्चची स्वतःची होती, त्यामुळे ‘चर्चविरोधकांचा कांगावा’ म्हणून तिला झटकता येत नव्हतं. दुसरीकडे कागद नष्ट झाल्याचीही उदाहरणं आयोगासमोर आली. ओटागो भागात जुनी बालगृहं चालवणाऱ्या प्रेस्बिटेरियन संस्थेतली मुलांची नोंदपत्रं तर थेट 2017-18 च्या सुमारास, चौकशीची मागणी जोर धरत असताना, नष्ट केली गेली होती. आपण त्या बालगृहात होतो याचा एकमेव पुरावा गमावलेल्या माणसाला पुढे भरपाई कशी मागता येणार?

ऑगस्ट 2023 मध्ये मेरीलँड्स आणि हेब्रॉन ट्रस्टवरचा स्वतंत्र अहवाल आला. ‘चोरलेली आयुष्यं, डागाळलेले आत्मे’ अशा अर्थाचं त्याचं नाव आहे. संघ, कॅथलिक चर्च आणि सरकार अशा तिघांवरही त्यानं ठपका ठेवला. सरकारनं मुलं पाठवली, पैसे दिले, आणि पाहणी केली नाही. पुढच्याच महिन्यात माजी गव्हर्नर-जनरल डेम सिल्व्हिया कार्टराइट यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या डिलवर्थच्या स्वतंत्र चौकशीचा अहवालही प्रसिद्ध झाला. त्या शाळेच्या प्रकरणात पोलिसांनी 2020 पासून दहाहून अधिक पुरुषांना आरोपी केलं होतं. शाळेनं स्वतःची भरपाई योजना सुरू केली आणि तिची कमाल मर्यादा तीन लाख डॉलर ठेवली. त्या देशातल्या इतर कुठल्याही चर्चसंबंधित संस्थेनं देऊ केलेल्या रकमांपेक्षा ती खूपच जास्त होती.

सगळ्याच धर्मगटांनी मात्र सहकार्य केलं नाही. यहोवाज विटनेसेस या पंथानं आपण आयोगाच्या कक्षेत येत नाही असा दावा केला, पण न्यायालयानं तो मानला नाही. दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, हौपिरीच्या दऱ्याखोऱ्यांत ग्लोरियाव्हेल नावाचा एक ख्रिस्ती समुदाय जगापासून तुटून राहतो. निळे लांब झगे, एकत्र जेवण, सगळी मिळकत समुदायाची. त्याचा संस्थापक नेव्हिल कूपर 1995 मध्ये लैंगिक गुन्ह्यांसाठी दोषी ठरला, आणि तुरुंगातून सुटल्यावर पुन्हा त्याच समुदायाच्या प्रमुखपदी बसला. 2018 मध्ये मरेपर्यंत तो तिथेच होता. समुदाय सोडून गेलेल्यांनी कामगार न्यायालयात दाद मागितली. 2022 मध्ये न्यायालयानं ठरवलं की तिथली पुरुष मंडळी स्वयंसेवक नव्हे, कर्मचारी होती, आणि ती अगदी सहा वर्षांच्या वयापासून कामाला जुंपली गेली होती. 2023 मध्ये स्त्रियांच्या बाबतीतही तसाच निकाल आला. कूपरचा उत्तराधिकारी हॉवर्ड टेम्पल यानं ऑक्टोबर 2022 मध्ये आयोगासमोर समुदायाच्या वतीनं माफी मागितली होती. तोच टेम्पल 2025 मध्ये स्वतःवरच्या लैंगिक गुन्ह्यांची कबुली देत न्यायालयात उभा होता.

24 जुलै 2024 रोजी आयोगाचा अंतिम अहवाल संसदेत मांडला गेला. ‘फानाकेतिया’ हे त्याचं माओरी नाव. 2,300 हून अधिक पीडितांच्या जबान्या त्यात आहेत. 1950 ते 2019 या काळात सरकारी आणि धार्मिक संस्थांच्या देखरेखीखाली गेलेल्या सुमारे 6,55,000 मुलांपैकी, तरुणांपैकी आणि जोखमीतल्या प्रौढांपैकी अंदाजे दोन लाख जणांना छळ सोसावा लागला, असं आयोगानं म्हटलं. पन्नास लाखांच्या देशात दोन लाख. अहवालात 138 शिफारशी आहेत, आणि पोप तसंच कँटरबरीचे आर्चबिशप यांनीही जाहीर माफी मागावी असं त्यात सुचवलं आहे. 12 नोव्हेंबर 2024 रोजी, म्हणजे चर्चना कक्षेत आणण्याच्या निर्णयाला बरोबर सहा वर्षं झाली त्या दिवशी, पंतप्रधान क्रिस्टोफर लक्सन यांनी संसदेत सरकारच्या वतीनं माफी मागितली. प्रेक्षक सज्जात पीडित बसले होते.

या सगळ्यातून चर्चच्या आतलं चित्र किती बदललं? पूर्वी आणि आता यांत फरक आहे, आणि तो कागदावरच नाही. मुलांमध्ये काम करणाऱ्यांची पोलीस पडताळणी आता बहुतेक मोठ्या चर्चमध्ये होते. एकटा प्रौढ आणि एकटं मूल बंद दाराआड राहू नये हा नियम रुळतो आहे, आणि धर्मप्रांतांचं या बाबतीतलं परीक्षण होतं. अँग्लिकन चर्चनं 2020 मध्ये आपली शिस्तीची नियमावली बदलली आणि तक्रारींचा निवाडा एकेकट्या बिशपाच्या हातून काढून राष्ट्रीय पातळीवरच्या आयोगाकडे आणि निबंधकाकडे दिला. बिशपाविरुद्धही तक्रार तडीस जाऊ शकते हे 2019 मध्ये दिसलं होतं. पामर्स्टन नॉर्थचे कॅथलिक बिशप चार्ल्स ड्रेनन यांच्या लैंगिक स्वरूपाच्या अयोग्य वर्तनाबद्दल एका तरुणीनं तक्रार केली, बाहेरच्या तपासनिसाकडून चौकशी झाली, आणि त्यांना पद सोडावं लागलं. 1972 च्या डनेडिनमध्ये हे कल्पनेतही बसलं नसतं.

पण कायद्यातलं भगदाड अजून बुजलेलं नाही. 2014 च्या बालकविषयक कायद्यानं मुलांमध्ये काम करणाऱ्यांच्या पडताळणीची सक्ती केली, ती सरकारी पैशावर चालणाऱ्या सेवांमधल्या पगारी लोकांपुरती. रविवारच्या बायबलवर्गाला शिकवणारा स्वयंसेवक तिच्यात येत नाही. आणि मुलावर अत्याचार होतोय असं कळल्यावर ते पोलिसांना किंवा बालकल्याण खात्याला कळवलंच पाहिजे, असं सर्वांना बांधणारं बंधन न्यूझीलंडच्या कायद्यात आयोगाचा अहवाल आला तेव्हाही नव्हतं. आपल्याकडे 2012 च्या पॉक्सो कायद्याचं 19 वं कलम हे बंधन प्रत्येक माणसावर घालतं, आणि न कळवणं हा 21 व्या कलमाखाली गुन्हा आहे. तरीही बदलापूरच्या शाळेतलं 2024 चं अत्याचाराचं प्रकरण आठवा. पालकांना तक्रार नोंदवून घ्यायलाही तासन्‌तास पोलीस ठाण्यात थांबावं लागलं, आणि लोक रेल्वे रुळांवर उतरल्यावर यंत्रणा हलली. आपल्याकडचा कायदा न्यूझीलंडपेक्षा पुढे आहे, पण संस्थेचं नाव जपण्याची खोड तिथल्यासारखीच आहे. आपल्या आश्रमशाळा, वसतिगृहं, मठ आणि मदरसे यांतलं मूलही घरापासून दूर, एकाच देखरेख करणाऱ्याच्या भरवशावर झोपतं.

भरपाईचा प्रश्न मात्र न्यूझीलंडमध्ये आजही तिथेच अडकलेला आहे. चर्च आणि सरकार या दोघांहून वेगळी, स्वतंत्र भरपाई यंत्रणा उभारा, ही आयोगाची 2021 च्या अहवालापासूनची मुख्य मागणी होती. मे 2025 मध्ये सरकारनं तशी यंत्रणा न उभारण्याचं जाहीर केलं. आहे त्याच सरकारी योजनेत पैसे वाढवले, सरासरी रक्कम सुमारे 19 हजार डॉलरवरून 30 हजारांवर नेली. हे सगळं सरकारी संस्थांतल्या पीडितांसाठी. चर्चच्या संस्थेत राहिलेल्या माणसाला आजही त्या-त्या चर्चकडे, त्या-त्या संघाकडेच अर्ज करावा लागतो. तिथलाच कुणीतरी त्याची कहाणी वाचतो, नोंदपत्र शिल्लक आहे का ते पाहतो, आणि रक्कम ठरवतो. मेरीलँड्समधून बाहेर पडलेली मुलं आता पन्नाशी ते सत्तरीपार पोचली आहेत. त्यातले अनेक जण या पत्रव्यवहाराच्या मधल्याच एखाद्या टप्प्यावर मरण पावले.